प्रतिजैविकांची अर्धी गोष्ट
वर्गात प्रतिजैविकांची गोष्ट बहुधा फ्लेमिंगच्या १९२८ मधील बुरशीपासून सुरू होते आणि योगायोगाच्या कौतुकावर संपते. हे चित्र अपुरे आहे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झ यांना मातीतील जिवाणूंच्या चिकाटीच्या शोधातून मिळाले. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’पासून बुरशीनाशक हॅमायसिन मिळवले, जिवाणूच्या नावातच गाव आहे! हे सांगितले, तर सातारा-सांगलीच्या मुलांना कृष्णाकाठची मातीही वेगळी दिसेल.

मात्र बशीत जिवाणूभोवती स्वच्छ वलय दिसले, म्हणजे औषध सापडले असे नव्हे. पदार्थ नवा आहे का, माणसाला विषारी तर नाही, या कसोट्यांवर बहुतेक बाद होतात. हा उत्तरार्ध शिकवला, तरच हाती असलेली प्रतिजैविके जपून का वापरायची, हे मुलांना उमगेल.