गाविलगडचें स्मारक : एक अभिप्राय
अमरावती जिल्ह्यांतील गाविलगड नागपूरकर भोसल्यांकडून वेलस्लीच्या फौजेनें ता. १५ डिसेंबर १८०३ रोजीं घेतला. किल्लेदार बेनीसिंग पडला. दरवाज्यांपाशीं शिबंदीची मोठी कत्तल झाली. तीस वंशसंहार म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. तथापि सामुदायिक मृत्यूचें स्मारक कसें असावें, हा प्रश्न येथेंहि उरतोच. उंच स्तंभ ही रूढ कल्पना आम्हांस अपुरी वाटते. अमृतसरच्या जालियनवाला बागेंत बेंजामिन पोल्क यांनीं आखलेलें स्मारक १९६१ सालीं खुलें झालें. परंतु १९१९ च्या हत्याकांडाची साक्ष तेथील गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंतीच अधिक देतात. म्हणून गाविलगडचे तट व दरवाजे हेंच स्मारक मानून राखावे. पुराव्यानें ठरतील तेवढींच नांवें एका शिळेवर कोरावीं व उरलेली शिळा कोरी सोडावी. ती कोरी जागा म्हणजे संशोधकांवरील ऋण होय.