संमिश्र मंत्रिमंडळ आणि मराठीची राजकीय परिभाषा

एखाद्या राज्यात प्रथमच अनेक पक्षांचे मिळून मंत्रिमंडळ अधिकारावर येते, तेव्हा राज्यशास्त्राइतकाच तो भाषेच्याही परीक्षेचा प्रसंग असतो. ज्या व्यवहाराचा पूर्वानुभव नाही त्याला नाव द्यावयाचे असते आणि दिलेले नावच पुढे त्या व्यवहाराचे मूल्यमापन ठरवू लागते. महाराष्ट्रात हा प्रसंग 1978 साली आला. त्या वेळी रूढ झालेल्या शब्दांनी आपल्या राजकीय टीकेला कोणते वळण लावले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

1977 च्या मार्चमध्ये केंद्रात पहिले सत्तांतर झाले. बारामती लोकसभा मतदारसंघातूनही काँग्रेसविरोधी उमेदवार निवडून आला. फेब्रुवारी 1978 च्या विधानसभा निवडणुकीत 288 जागांपैकी जनता पक्षास 99, काँग्रेसला 69 व इंदिरा काँग्रेसला 62 जागा मिळाल्या. परस्परांविरुद्ध लढलेल्या दोन्ही काँग्रेस पक्षांनी मार्चमध्ये वसंतदादा पाटील यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त मंत्रिमंडळ बनविले. ते चार-साडेचार महिने टिकले. त्याच मंत्रिमंडळातील एक मंत्री व बारामतीचे आमदार शरद पवार यांनी बाहेर पडून जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष इत्यादींसह 18 जुलै 1978 रोजी पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार स्थापन केले. 17 फेब्रुवारी 1980 रोजी ते बरखास्त झाले.

या व्यवहारासाठी मराठीने जे शब्द वापरले ते पाहण्यासारखे आहेत. ‘संमिश्र’ हा शब्द पदार्थांच्या मिश्रणावरून आलेला. त्यात घटक आहेत, कर्ता नाही. ‘कडबोळे’ हा त्याचाच उपहासात्मक पर्याय. ‘आघाडी’ म्हणजे सैन्याचा पुढचा भाग. समोर शत्रू असेल तोवरच या शब्दाला अर्थ असतो. ‘युती’ हा शब्द मराठी माणसाला पंचांगातून परिचित आहे. युतीतील ग्रह एकत्र आल्यासारखे दिसतात, परंतु प्रत्येकाची कक्षा पूर्वीचीच राहते. 1995 साली युतीचे, 1999 साली लोकशाही आघाडीचे, 2019 साली महाविकास आघाडीचे सरकार आले व 2022 नंतर महायुतीचे. नावांपुढे विशेषणे वाढली, परंतु मूळ शब्द तेच राहिले.

हे सर्व शब्द एकत्र येण्याच्या क्रियेचे वर्णन करतात. एकत्र आल्यानंतर कोणी कोणाचे काय देणे लागतो, हे त्यांपैकी एकही सांगत नाही. आपल्या राज्यघटनेच्या 164 व्या अनुच्छेदाने मंत्रिमंडळाची विधानसभेप्रती सामूहिक जबाबदारी सांगितली आहे. ती कल्पना कायद्याच्या पुस्तकात राहिली, लोकांच्या बोलण्यात उतरली नाही. परिणामी 1978 च्या घटनेविषयी जनमानसात जो शब्द उरला तो ‘पाठीत खंजीर’. सरकार कसे जुळले व कसे मोडले एवढीच चर्चा झाली. त्याने काय केले हा प्रश्न मागे पडला.

तो प्रश्न विचारला असता दोन गोष्टी समोर येतात. सरकार स्थापन झाल्यावर अवघ्या नऊ दिवसांनी, 27 जुलै 1978 रोजी, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी संमत केला. मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि ठरावाची अंमलबजावणी त्या सरकारकडून झाली नाही. ती होण्यास 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले, तीही ‘नामांतर’ म्हणून नव्हे तर ‘नामविस्तार’ या तडजोडीच्या शब्दाने. दुसरीकडे, रोजगार हमीचा कायदा 26 जानेवारी 1979 रोजी याच सरकारच्या काळात अमलात आला. त्याचा मसुदा आधीच्या राजवटीतील होता. तरी तो मागे न टाकता अमलात आणणे हेही संयुक्त मंत्रिमंडळाचेच कर्तृत्व होय. पहिली गोष्ट ठरावात सारे एक आणि अंमलबजावणीत कोणीच नाही, असे दाखविते. दुसरी गोष्ट कोरडवाहू भागातील मजुराच्या हाताला काम देते. ‘खंजीर’ या एका शब्दात दोन्ही झाकल्या जातात.

मराठीत याहून नेमका शब्द नव्हता असे म्हणता येणार नाही. इंदापूर तालुक्यातील कळससारख्या जिरायत गावांच्या शेतीव्यवहारात सावड किंवा पैरा ही रीत आपल्या परिचयाची आहे. एकट्याच्या बैलांनी नांगर ओढवत नाही, म्हणून दोघे-तिघे शेतकरी आपली जनावरे व माणसे एकत्र करतात. आज तुझे रान, उद्या माझे. येथे मैत्रीची अट नाही, बांधावरचे भांडण असले तरी चालते. परंतु घेतलेला पैरा फेडावाच लागतो आणि न फेडणाऱ्याबरोबर पुढच्या हंगामात कोणी जू जुंपत नाही. गरज, वाटणी व उत्तरदायित्व या तिन्ही कल्पना त्या एका शब्दात आहेत.

मंत्रिमंडळास सावड म्हणावे अशी सूचना येथे करावयाची नाही. परिभाषा आज्ञेने रूढ होत नसते. शिवाय सावडीत देणे परस्परांचे असते, मंत्रिमंडळाचे देणे मतदारांचे असते. हा भेद महत्त्वाचा आहे. तथापि, कळसच्या शेतकऱ्याला आपल्या शेजाऱ्याविषयी जो प्रश्न सहज सुचतो, तो आपल्या राजकीय समीक्षकांना सरकारविषयी सुचत नाही, ही आपल्या परिभाषेतील खरी उणीव होय. कोण कोणाबरोबर गेला, हे विचारून झाल्यावर पैरा फिटला की नाही, हेही विचारले पाहिजे. या कसोटीने पाहिले तर 1978 चे सरकार पूर्ण निर्दोष ठरत नाही आणि केवळ विश्वासघातकीही ठरत नाही. नामांतराचे देणे त्याच्याकडून फिटले नाही. ज्यांची घरे जळाली त्यांच्या दृष्टीने ते सरकार कसे बनले यापेक्षा ही बाब अधिक मोठी होती, आणि समीक्षेची भाषाही त्यांच्या बाजूने विचार करण्यास समर्थ असली पाहिजे.