‘स्मृतिचित्रें’तील पांच वर्षें

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रां’विषयीं लिहितांना बहुतेक टीकाकार विनोदापासून प्रारंभ करतात आणि विनोदापाशींच थांबतात. १९३४ ते १९३६ या काळांत भागशः प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राची गोडी त्याच्या हंसऱ्या कथनांत आहे, हें कोण नाकारील? परंतु तेवढेंच सांगून पुस्तक हातावेगळें केलें, म्हणजे त्यांतील एका भागावर मोठा अन्याय होतो असें आम्हांस वाटतें. नारायण वामन टिळक हे १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस ख्रिस्ती झाले. त्यानंतर सुमारें पांच वर्षें हें जोडपें दुरावलेलें होतें. त्या पांच वर्षांचा हा भाग होय.

बाईंची तेव्हांची स्थिति नीट ध्यानांत घेतली पाहिजे. विधवेला समाजानें, कितीही कठोर असली तरी, एक जागा नेमून दिलेली होती. नवऱ्यानें टाकलेल्या बायकोची कहाणीही लोकांच्या परिचयाची होती. पण येथें नवरा जिवंत, बायकोवर लोभ असलेला, पत्रें पाठविणारा, आणि तरीही तो ज्या घरांत राहतो त्या घरचें पाणी चालत नाहीं! कपाळीं कुंकू आहे, पदरीं चार वर्षांचा मुलगा आहे, आणि स्वतःचें म्हणावें असें छप्पर कोठेंही नाहीं. आप्तांनीं आसरा दिला, मायाही केली. परंतु मायेच्या घरांत राहणाऱ्या माणसाला आपण कोणाच्या उपयोगीं आहों कीं नाहीं, हा प्रश्न दिवसांतून दहा वेळां टोंचतो. कींव करणाऱ्या डोळ्यांपुढें ताठ मानेनें वावरणें हें उपासापेक्षां अवघड असतें.

हें सारें बाई कसें सांगतात? दुःखाचें वर्णन त्या फारसें करीतच नाहींत. आघाताला दोनचार वाक्यें देतात, आणि मग कोण आलें, कोण काय बोललें, आपण कोणता वेडेपणा केला, हें बारकाईनें सांगूं लागतात. कित्येकांना हें दुःख झांकण्याचें साधन वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्या फजितीची गोष्ट जिला सांगतां येते, ती बाई त्या फजितींत बुडालेली नसते. ज्या स्त्रीचा मोल ठरविण्याचा अधिकार जन्मभर बाप, सासरा व नवरा यांच्याकडे होता, ती येथें प्रथमच आपल्या स्वतःकडे आपल्या डोळ्यांनीं पाहते आहे.

याची खरी कसोटी पुढें लागते. बाई नगरास पतीकडे राहावयास गेल्या त्या धर्म बदलून नव्हे. चूल निराळी, सोवळें निराळें. ज्यांच्या माहेरीं वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक साऱ्या घराला जाचत होता, त्यांच्या हाडींमांसीं तें मुरलेलें असावें यांत नवल नाहीं. जात देवानें केली कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःलाच घातला, आपल्या साध्या बायकी तर्कानें त्याचा उलगडा केला, आणि मग कोणाच्याही हातचें खाण्याचा निश्चय केला. ‘बायकी’ हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला आहे. भल्याभल्या शास्त्र्यांचा वाद त्या तर्कापुढें लंगडा पडतो. बाप्तिस्मा झाला तो १९०० सालीं. १८९५ मध्येंच त्या पतीच्या मागोमाग गेल्या असत्या तर त्यांना पतिव्रता म्हटलें असतें; कधींच गेल्या नसत्या तर धर्मनिष्ठ म्हटलें असतें. त्यांनीं पांच वर्षें घेतलीं, आणि निर्णय आपला केला.

येथें रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणीं’ची तुलना सहज सुचते. तें पुस्तकही थोर आहे. पण त्याचा सूर्य एकच, आणि तो मावळतांच पुस्तकही मिटतें. ‘स्मृतिचित्रें’चा उगमही तसाच होता. टिळकांचें चरित्र लिहिण्याचें त्यांचे पुत्र देवदत्त यांच्या मनांत होतें, आणि आईनें त्यासाठीं आठवणी लिहून द्याव्या एवढीच मूळ योजना होती. पतीच्या चरित्राची सामग्री म्हणून आरंभलेलें लेखन लिहितां लिहितां लिहिणारीचेंच झालें. टिळक त्यांत लहान होत नाहींत. त्यांचा संताप, त्यांचें औदार्य, त्यांचें विसरभोळेपण इतक्या जिवंतपणें दुसऱ्या कोणीं रेखाटलेलें नाहीं. मात्र त्यांच्याकडे पाहणारी व्यक्ति आतां पायाशीं बसलेली नाहीं, समोर बसली आहे.

दोष नाहींत असें नव्हे. नगरच्या संसाराचीं पुढचीं प्रकरणें सैल आहेत. पाहुणे येतात व जातात, टिळक पुनःपुन्हां घर रिकामें करतात, आणि एका प्रसंगाचा दुसऱ्याशीं सांधा राहत नाहीं. ज्या कात्रीनें पांच वर्षांचा भाग नेमका झाला, ती पुढें बाजूला पडली असावी असें वाटतें.

१९१९ मध्यें टिळक निवर्तले, तेव्हां त्यांच्या ‘ख्रिस्तायना’चे थोडेच अध्याय लिहून झालेले होते. शाळेचें तोंड न पाहिलेल्या, पतीकडूनच अक्षरें शिकलेल्या या बाईनें पुढचे साठांहून अधिक अध्याय रचले. काव्य म्हणून त्यांची योग्यता ‘स्मृतिचित्रां’च्या गद्याइतकी नाहीं, हें आम्ही स्पष्टच म्हणतों, ठरीव कथेंत बाईंचा खट्याळपणा गुदमरतो. तथापि दुसऱ्या वियोगाला त्या कशा सामोऱ्या गेल्या, याचा तो ग्रंथ साक्षी आहे. पहिल्या वियोगांत कामावांचून झालेले हाल त्यांच्या स्मरणांत असले पाहिजेत.

पाठ्यपुस्तकांसाठीं ‘स्मृतिचित्रां’तून वेंचे निवडणाऱ्या संपादकांस आमची एक विनंती आहे. टिळकांच्या विक्षिप्तपणाचे गमतीदार प्रसंग मुलांना आवडतात, ते अवश्य घ्यावे. परंतु वियोगाच्या काळांतील चारपांच पानेंही त्यांच्या शेजारीं छापावीं.