सोडून गेलेल्यांचे देवस्थान

ज्युलिएत्ता सुझुकी यांची 'कामिसामा हाजिमेमाशिता' ही जपानी चित्रकथा 'हाना तो युमे' या नियतकालिकात 2008 ते 2016 या काळात क्रमशः आली. तिचे 25 खंड झाले. शाळकरी मुलगी, कोल्ह्याच्या जातीचा देखणा देवसेवक, त्यांची भांडणे आणि प्रेम, एवढे ऐकून ही वेळ घालवण्याची गोष्ट वाटेल. तशी ती आहेही. पण तिचा पाया हसण्यासारखा नाही.

नानामीचा जुगारी बाप कर्जापायी परागंदा होतो. मुलगी रस्त्यावर येते. बागेत कुत्र्याला भिऊन झाडावर चढलेल्या एका गृहस्थाला ती सोडवते. तो तिच्या कपाळावर ओठ टेकवतो आणि आपले घर तिला देऊन टाकतो. हे घर म्हणजे ओस पडलेले शिंतो देवस्थान. घराबरोबर देवपणही तिच्या गळ्यात पडते! तो गृहस्थ, मिकागे, तिथला देव. वीस वर्षांपूर्वी निघून गेलेला. मागे राहिलेल्या तोमोएला ही नवी मालकीण मुळीच नको असते.

म्हणजे दोघेही टाकलेलेच. तिसरा मिझुकी हा पांढरा साप. त्याचे देवस्थान धरणाखाली बुडाले, भाविक गेले, देवताही नाहीशी झाली. तो मात्र तिथेच वाट पाहत राहिला. नानामीला तो पळवून नेतो ते एकटेपणापायी. शाळेत गायक म्हणून मिरवणाऱ्या तेंगू कुरामाचे विनोद वाचून विसरायला होतात. हा साप विसरत नाही.

माझा आक्षेप तोमोएच्या पूर्वायुष्याबद्दल आहे. पाचशे वर्षांपूर्वी त्याने युकिजी नावाच्या मानवी स्त्रीवर जीव लावला होता. ती गेल्यावर हा दुसऱ्यांदा प्रेम करू शकेल काय? नानामीला हा प्रश्न खरोखर सलतो. पुढे उलगडते ते असे, की तो जिच्यावर भाळला ती भूतकाळात गेलेली नानामीच होती. प्रश्न सुटत नाही, पुसला जातो. मत्सर गेला, दुःखही गेले. शेवटी तोमोए माणूस होतो, लग्न होते, वाचक सुखावतो. पण हरवलेल्या माणसांवर उभी राहिलेली ही कथा ऐन वेळी म्हणते, कोणी हरवलेच नव्हते.

मिझुकीच्या प्रकरणात लेखिकेने ही सवलत घेतलेली नाही. तिथे देवता परतत नाही. मिझुकी नानामीच्या दारी येतो आणि तिचा दुसरा सेवक होतो.