रबराच्या चिकाची त्वचा : ईव्हा हेस यांच्या शिल्पांतील अनित्यता

शरीराची भंगुरता दाखविण्यासाठी शरीराची आकृती घडवावीच लागते असे नाही. अमेरिकन शिल्पकार ईव्हा हेस (१९३६–१९७०) यांच्या अखेरच्या शिल्पांत हात, पाय वा चेहरा कोठेच नाही; तरीही ती पाहताना प्रथम आठवते ती त्वचा. हॅम्बुर्गच्या ज्यू कुटुंबात जन्मलेल्या हेस नाझी राजवटीतून निसटून १९३९ साली न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि मेंदूतील अर्बुदामुळे ३४व्या वर्षी निवर्तल्या. या चरित्रामुळे त्यांची कला म्हणजे मृत्यूच्या छायेतील उद्गार होय, असे मानण्याकडे कल दिसतो. तो आम्हांस मान्य नाही.

कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयातील 'कंटिन्जंट' (१९६९) हे शिल्प विचारात घेऊ. विरविरीत सुती कापडावर लेटेक्सचे, म्हणजे रबराच्या चिकाचे, थर दिलेले आणि वर-खाली फायबरग्लास जोडलेले आठ पट्टे छतापासून ओळीने लोंबत आहेत. जात एकच, पण काठ, सुरकुत्या, लांबी प्रत्येकाची निराळी. या शिल्पाचा आरंभ १९६८च्या अखेरीस, म्हणजे रोगनिदानापूर्वीच, झाला होता. तेव्हा भंगुरता येथे आजारातून आलेली नसून साधनद्रव्याच्या निवडीतून आलेली आहे.

सतिपट्ठान सुत्तात कायेचे निरीक्षण शिकविताना दोन्ही बाजूंनी तोंड असलेल्या धान्याच्या पिशवीची उपमा येते. पिशवी सोडून पाहणारा हे मूग, हे तीळ, हे तांदूळ असे वेगवेगळे ओळखतो. केस, नखे, दात, त्वचा यांकडेही तसेच पाहावयाचे असते. हेस बौद्ध साधक होत्या असे आम्ही सुचवीत नाही. परंतु देहाच्या अखंडपणाचा भ्रम दूर सारून एकेक पदर सुटा पाहावयास लावणे, हे त्यांच्या शिल्पाचेही कार्य आहे. त्यात किळस नाही आणि करुणेची याचनाही नाही.

लेटेक्स काळाबरोबर पिवळे, तपकिरी, ठिसूळ होत जाते. हेस यांना हे ठाऊक होते. १९७०च्या एका मुलाखतीत, अशी न टिकणारी वस्तू विकत घेणाऱ्यांबद्दल किंचित अपराधी वाटते, असे त्यांनी सांगितले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातील 'एक्स्पांडेड एक्स्पान्शन' (१९६९) हे पडद्याप्रमाणे पसरता व आवळता येणारे शिल्प आज ताठरले आहे. दीर्घ डागडुजीनंतर २०२२ साली ते ३५ वर्षांनी लोकांसमोर आले.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. अनित्यता हाच कलाकृतीचा आशय असेल, तर तिची डागडुजी का करावी? आमच्या मते ही शंका अनित्यतेचा चुकीचा अर्थ लावते. विनयपिटकाच्या महावग्गात तथागत आनंदासह एका आजारी भिक्षूला स्वतः स्नान घालतात. देह नाशवंत आहे हे जाणणे म्हणजे शुश्रूषा नाकारणे नव्हे. उलट नाशवंत आहे म्हणूनच शुश्रूषेची गरज. मात्र शुश्रूषा वेगळी आणि वार्धक्य लपविणे वेगळे. तडकलेल्या शिल्पास आधार देणे योग्य. त्याच्या जागी ताज्या लेटेक्सची कोरी प्रतिकृती मांडून तीच मूळ कृती म्हणणे अयोग्य. तशी प्रतिकृती हेस यांचा आकार टिकवील, पण त्यांनी जाणून स्वीकारलेला काळ पुसून टाकील.