समन्वय की नामांतर?

डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथाने विठ्ठलाचे गवळी-धनगरांतील मूळ व त्याचे वैष्णवीकरण साधार मांडले. तथापि ‘समन्वय’ ही संज्ञा तपासून घ्यावयास हवी; कारण नाव कोणी दिले, हा प्रश्न तीत लोपतो.

रोमन साम्राज्यातही परकीय देवतांना रोमन नावे मिळाली, टॅसिटसने इ. स. ९८ मध्ये या प्रथेस ‘रोमन अर्थान्वय’ म्हटले. परंतु ब्रिटनमधील बाथच्या लेखांत ‘सुलिस मिनर्वा’ अशी दोन्ही नावे शेजारी नांदतात. लुसितानियातील एंडोवेलिकस तर लॅटिन लेखांतही स्वनामानेच राहिला. जोडनाव हा तडजोडीचा लेखी पुरावाच होय.

आपल्याकडील ‘पांडुरंग’ हे ‘पंडरगे’ या कन्नड स्थलनामाचे संस्कृतीकरण मानले जाते. येथे जुने नाव शेजारी न उरता नव्या व्युत्पत्तीत विरघळते. जालना जिल्ह्यातील अंबडची मत्स्योदरी पाहावी : टेकडी मत्स्याकार, म्हणून देवी मत्स्योदरी, असे सांगतात. नाव निखळ संस्कृत, अधिष्ठान मात्र टेकडीचे. अशा नामावरून देवतेचे कुल ठरविणे धोक्याचे आहे.

ढेरे यांच्या साधनसंग्रहाचे मोल याने उणावत नाही. मात्र नाव कोणाच्या भाषेतले, हे आधी ठरावे. मीलन झाले, असे त्यानंतर म्हणावे.