लहान विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ आणि ‘घरचे मैदान’ : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून अलग होऊन २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ अस्तित्वात आले. २०१९ मध्ये त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. एका जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र ही या विद्यापीठाची मर्यादा मानली जाते. क्रीडेच्या दृष्टीने मात्र तीच अनुकूलता ठरू शकते. अशा विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघास ‘घरचे मैदान’ का लाभत नाही, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

स्पर्धापद्धतीतील दोष :
भारतीय विश्वविद्यालय संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा प्रथम विभागवार होतात. महाराष्ट्रातील विद्यापीठे पश्चिम विभागात खेळतात. एक विद्यापीठ यजमान होते व सर्व संघ तेथे जमतात. प्रारंभीचे सामने बाद पद्धतीने, तर अखेरच्या चार संघांतील सामने साखळी पद्धतीने खेळविले जातात. परिणामी पहिल्याच सामन्यात हरणाऱ्या संघाची स्पर्धा ४० मिनिटांच्या खेळात, आणि बहुधा परगावी, संपुष्टात येते. होटगीसारख्या गावातून सोलापूरला शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्याच विद्यापीठाचा संघ खेळताना पाहण्याचा योग यजमानपद सोलापूरकडे आले तरच येतो. २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद क्रीडांगण आखता येते; परंतु तेथे नियमित सामने आणि ओळखीचे प्रेक्षक नसतील, तर ते ‘घरचे’ होत नाही.

गोंझागाचा दाखला :
अमेरिकेतील स्पोकेन येथील गोंझागा हे तेथील मानाने लहान विद्यापीठ. त्याच्या संघाने १९९९ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत अखेरच्या आठ संघांत स्थान मिळविले, तेव्हा त्याचे घरचे सभागृह सुमारे ४,००० आसनांचे होते. ६,००० आसनांचे मॅकार्थी क्रीडागृह उभे राहिले ते २००४ मध्ये, म्हणजे सोलापूर विद्यापीठाच्या स्थापनावर्षातच. पुढे २०१७ व २०२१ मध्ये हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी दरवर्षी घरी व प्रतिस्पर्ध्याच्या गावी होणारे सामने, त्यातून संघ व प्रेक्षक, आणि नंतर मोठी वास्तू.

दोन्ही देशांच्या आर्थिक स्थितीत मोठे अंतर असल्याने ही तुलना अप्रस्तुत आहे, असा आक्षेप संभवतो. वास्तूपुरता तो ग्राह्य आहे; वेळापत्रकास मात्र तो लागू पडत नाही. उलट, सामन्यांची परंपरा नसताना बांधलेले बंदिस्त क्रीडागृह परीक्षा व समारंभांसाठीच वापरले जाण्याचा धोका अधिक असतो.

निष्कर्ष :
सोलापूर, बार्शी, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा, अकलूज ही केंद्रे अशा अंतरावर आहेत की संघास सामना खेळून त्याच दिवशी परतता येते. या केंद्रांतील महाविद्यालयांमध्ये ‘एक सामना घरी, एक परगावी’ अशी साखळी योजल्यास प्रत्येक संघास पराभवानंतरही पुढील सामना मिळेल आणि विद्यापीठाच्या निवड समितीस खेळाडूंची पारख एका दिवसाच्या चाचणीवर करावी लागणार नाही. प्रवासभत्ता, पंच आणि परीक्षांशी न भिडणारे वेळापत्रक एवढ्या तरतुदी त्यासाठी अनिवार्य आहेत. लहान विद्यापीठाने प्रथम खर्च करावयाचा तो यांवर, छत त्यानंतर.